पाचव्या चाकाची रेघ

गणपती पाण्यात गेले की आमच्या गल्लीत थिनरचा वास सुटतो. पाऊस दमलेला असतो, ऊन पाठीला चावायला लागतं, आणि ज्याच्या दारात जे काही चाकावरचं आहे ते तो रंगवायला काढतो. रिक्षा, टेंपो, उसाची ट्रॉली, कोणाची नुसती सायकल. खंडेनवमीला गाडी पूजेला उभी करायची तर गंजक्या चाकांनी कशी उभी करायची? देवळात शिरताना पाय धुतो, तसलंच ते. कोल्हापुरात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

यंदाही वास सुटला. मी दारात बसलो होतो. उठलो, आत गेलो, खिडकी लावून घेतली. खिडकी लावून वास थांबत नाही, ते मला ठाऊक आहे. तरी लावली.

माझी जीप परड्यात उभी आहे. नव्वद सालाच्या आसपास घेतली, तीही जुनी. तिच्यावर मी वडाप केलं. म्हणजे स्टँडाबाहेर उभं राहून ओरडायचं, एस.टी. सुटायच्या आधी माणसं कोंबायची आणि निघायचं. माझी लाईन चंदगडची. तिकडचा पाऊस लोखंड खातो. चार महिने तांबडा चिखल तुडवून जीप घरी आली की चाकांच्या डिस्कवर हात फिरवावा, तर हाताला गंजाचा भुगा. तो भुगा घासून काढायचा आणि चाकं पुन्हा नवी करायची, हे आमच्या घरी दर वर्षी गणपती आणि दसऱ्याच्या मधल्या दिवसांत व्हायचं. रंगाऱ्याकडं आम्ही कधी गेलो नाही. घरात रंगारी होती.

मालन, माझी बायको, कुंभार गल्लीतली. सासरे गणपती करायचे. मूर्तीला अंगाचा रंग कोणीही द्यायचं, पण डोळ्यांची आखणी त्या घरात दोघंच करायची, सासरे आणि ही. लग्नाआधी सगळा श्रावण हिनं डोळेच काढले. माझ्या आजाच्या वेळेस आमच्याही घरात मडक्याचं चाक होतं. बापानं ते सोडून गिरणी धरली, मी स्टेअरिंग धरलं. हिच्या हातात मात्र तिच्या बापाचं सगळं होतं, आणि ते उतरवायला आमच्या घरी जीपच्या चाकाशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी चाक खोलायचो, पॉलिश पेपरनं घासायचो. रेड ऑक्साईडचा एक हात, तो वाळला की सिल्वर. टायरला रंग लागू नये म्हणून लोक वर्तमानपत्र चिकटवतात, ग्रीस फासतात. हिनं भावाकडनं गणपतीचा उरलेला शाडू आणून ठेवलेला असायचा. तो पातळ कालवायचा आणि बोटानं टायरवर फिरवायचा. काळ्या टायरला पांढरा काठ. सगळं झालं की पाणी मारायचं. शाडू जायचा, त्याच्यावर सांडलेला रंगही त्याच्याबरोबर जायचा, आणि परड्यातल्या शेवग्याच्या बुंध्याशी दुधासारखं पाणी साचायचं. कोंबड्या त्यात चोच घालून बघायच्या आणि माना झटकायच्या. चिखल तुडवलेल्या पायांसारखे दिसायचे त्यांचे पाय, फक्त पांढरे.

पण खरं काम त्याच्या पुढं. सिल्वर वाळलं की डिस्कच्या काठाच्या आत एक बारीक तांबडी रेघ, गोल. ती रेघ मारायची रीत तिची स्वतःची होती. जीपचं पुढचं डावं अंग जॅकवर उचलायचं. एक-एक चाक आळीपाळीनं तिथं चढवायचं. मालन समोर पाटावर बसायची, कोपर गुडघ्याला टेकवायची, आणि खारीच्या केसांचा, तिच्या बापाचा ब्रश चाकाला नुसता लावून धरायची. चाक मी फिरवायचो. तिचा हात जागचा हलायचा नाही. रेघ आपोआप तिच्या ब्रशखालनं निघत जायची आणि फिरून जिथं सुरू झाली तिथंच येऊन मिळायची. सांधा शोधून सापडायचा नाही.

"हळू फिरवा की."

"हळूच फिरवतोय."

"बोलू नगा. बोलला की हात हालतोय तुमचा."

श्वास सुद्धा धरायची ती. रेघ मिळाली की सोडायची. मग आमचा शेजारी दत्तू, रिक्षावाला, कुंपणावरनं बघत असायचा, तो म्हणायचा, "वैनी, माझ्या रिक्षाला बी डोळं काढा की. पोलीस लांबनं दिसतील."

"तुझ्या रिक्षाला डोळं न्हाईत, तोंड हाय. ते आधी बंद कर."

डोळेच म्हणायची ती त्याला. चाकाचा डोळा. पाच चाकं, पाच डोळे. पहिला मान स्टेपनीचा. "हात बसायला," म्हणायची. स्टेपनी जीपच्या मागं टांगलेली, वरनं काळं रेक्झिनचं कव्हर, कोणाला दिसणार नाही. तरी तिलाही रेघ पाहिजे. मी एकदा म्हटलं, झाकून ठेवायच्या चाकाला कशाला? तर म्हणाली, "झाकलं म्हणून काय ते आंधळं ठेवायचं व्हय?"

आणि तिच्या बापाचा एक नेम होता, तोही ती पाळायची. डोळा एकदा काढला की पुसायचा नाही. मूर्तीची नजर चुकली, जरा तिरकी गेली, तरी ओल्या फडक्यानं डोळा पुसायचा नाही. ती मूर्ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही, घरात बसवायची. सासऱ्यांच्या घरचा गणपती म्हणूनच दर वर्षी थोडा चकणा असायचा. आम्ही पोटभर हसायचो. सासरेही हसायचे. म्हणायचे, "त्यो आता बघायला लागलाय. बघत्याचा डोळा कसा काढू?"

एवढं सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ते साल दोन हजारच्या पुढचं. पितृपंधरवडा संपत आला होता. सिल्वर आदल्या दिवशी झालेलं. सकाळी स्टेपनी चढवली, तिनं ब्रश लावला, मी फिरवली. रेघ जरा नागमोडी गेली. मी मनात म्हटलं, हात बसायचाय. स्टेपनी उतरवून शेवग्याखाली ठेवली. पहिलं चाक चढवलं. पुन्हा तसंच. रेघ कुठं जाड, कुठं बारीक, दोन ठिकाणी सुटून टायरवर गेलेली.

"तुमी नीट फिरवंना झालाय," ती म्हणाली.

"मी? धा वर्सं फिरवतोय."

"मग चाक डुगडुगतंय. नट आवळा."

नट आवळले. दुसरं चाक, तिसरं, चौथं. ती दर चाकाला कोपर जास्त दाबून धरत होती. उजवा हात डाव्या हातानं धरला होता तिनं, मनगटाशी. ते मी बघितलं होतं. आज डोळे मिटले तरी ते मनगट दिसतं, त्याच्यावर उमटलेली डाव्या हाताची बोटं दिसतात. त्या दिवशी मला फक्त रेघ दिसली.

दत्तू कुंपणावरनं म्हणाला, "वैनी, यंदा गाडीला पिऊन डोळं काढलं काय?"

तो गमतीनं म्हणाला. नेहमीचंच होतं त्याचं. तिनं दर वर्षीसारखं उलट काहीतरी सुनवायला पाहिजे होतं. तिनं ब्रश खाली ठेवला. आणि माझं टाळकं फिरलं. तिच्यावरच फिरलं, दत्तूवर नाही.

"डोळं फुटलं का तुजं? ही गाडी स्टँडावर उभी करू मी? मानसं हसतील मला."

आणि मी थिनरची बाटली घेतली, चिंधी घेतली, आणि चाक पुसायला बसलो.

"आवं, पुसू नगा," ती म्हणाली. मोठ्यानं नाही म्हणाली. "डोळा काढला की पुसायचा न्हाय. र्‍हाऊ दे वाकडी."

मी पुसलं. तांबडं सिल्वरमध्ये कालवलं आणि चिंधीखाली गुलाबी चिखल झाला. एक चाक, दोन, तीन, चार. ती पाटावर तशीच बसून बघत होती. चौथं पुसून होईपर्यंत बाटली संपली. शेवग्याखाली स्टेपनी होती, ती पुसायची राहिली. दया आली म्हणून नाही राहिली. थिनर संपलं म्हणून राहिली. दुसऱ्या दिवशी चार चाकांना मी सिल्वरचा नुसता हात मारला, बिनरेघेचा, आणि स्टेपनी तशीच कव्हर घालून मागं टांगली.

मालननं ब्रश धुतला. तो धुताना तिला वेळ लागला. मग आत जाऊन भाकरी थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकरीही वाकड्या होत्या. मी खाल्ल्या. काही बोललो नाही, बोलणं परड्यात उरकलं होतं.

त्या दसऱ्याला झेंडूची माळ घालून जीप उभी होती आणि चाकांवर गुलाबी झाक दिसत होती. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मालन आरतीचं ताट दोन्ही हातांनी धरून उभी होती. ताटातल्या वाटीचा बारीक आवाज येत होता, धातूवर धातूचा, थांबत नव्हता. मी म्हटलं, वारं असेल.

थंडीत तिच्या हातनं कप पडायला लागले. मग पोलक्याचा हूक लागेना. राजारामपुरीत एका दवाखान्यात नेलं. खाली क्लासची पोरं सायकली लावत होती, वर आम्ही बाकावर. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. तपासलं, फोटो काढून आणायला लावले, आणि विचारलं, "हाताचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं? बारीकसं काही असलं तरी सांगा."

मालन म्हणाली, "झाला की म्हैनाभर."

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. विचारायला नाही बघितलं. गप्प बसवायला बघितलं.

दसऱ्याला चार महिने होऊन गेले होते. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर रेघेचं सांगावं लागलं असतं, रेघेचं सांगितलं तर चिंधीचं सांगावं लागलं असतं. खाली उतरताना जिन्यात ती म्हणाली, "चाकाचं काय सांगायचं डाक्टरास्नी. हसतील की." मला हसतील, असं तिला म्हणायचं होतं. माझाच शब्द होता तो, तिनं जपून ठेवलेला, आणि माझ्याच अंगावर पांघरला.

डोक्यात गाठ होती. पुढच्या आषाढात ती गेली.

त्यानंतर मी एकदा एकटाच त्या डॉक्टरकडं गेलतो. विचारलं, चार महिने आधी आलो असतो तर? त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, "सांगता येत नाही, काका. कदाचित काहीच फरक पडला नसता." आत्ता बघा, त्यानं 'पडला असता' म्हटलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. 'नसता' असं ठाम म्हटलं असतं तर झोपलो असतो. सांगता येत नाही, हे घेऊन माणसानं कुठं जायचं?

नवरा मागं ठेवून जी बाई जाते तिचं पान पितृपंधरवड्यातल्या नवमीला वाढतात, अविधवा नवमी म्हणतात. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी खंडेनवमी. म्हणजे एका नवमीला तिचं जेवण, पुढच्या नवमीला जीपची पूजा. मधले पंधरा दिवस मला दर वर्षी पार करावे लागतात. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर त्याचे कपडे बघून भरून येतं. मला नाही आलं. तिच्या साड्या मी सुनेला देऊन टाकल्या. पण रंकाळ्याच्या कडेला बसलो आणि समोर एखादी गाडी येऊन थांबली, की माझी मान आपोआप खाली जाते. चालतं चाक सगळं सारखंच दिसतं. थांबलं की कळतं, त्याला रेघ आहे का नाही. कोणाच्याच चाकाला नसते. सगळी आंधळी उभी असतात आणि तरी मला वाटतं, माझ्याकडंच बघत आहेत.

जीपही बदलली. डावीकडं ओढायला लागली. मेस्त्रीला दाखवली. त्यानं दोनदा तपासली, रस्त्यावर नेऊन आणली, म्हणाला, "गाडीला काय बी झालं न्हाई, तात्या. तुमीच डावीकडं बघत चालवतासा." डावीकडचं पुढचं चाक. तिथंच ती पाटावर बसायची.

एकदा चंदगडच्या वाटेवर पंक्चर झालं. ती जाऊन दुसरा पावसाळा होता. गाडीत पंधरा माणसं, वरनं भुरभूर. सगळे उतरले, कडेला उभे राहिले. मी चाक खोललं आणि तसाच बसलो.

एक धोतरवाला पुढं आला. "पावणं, बसलासा का? मागं स्टेपनी हाय की."

"न्हाय ती."

"न्हाय म्हंजे? ही काय टांगल्याली. का वारं भरून शोभंला लावलीया?"

"व्हय. शोभंलाच."

मागनं एक म्हातारी म्हणाली, "येडं हाय का काय हे डायवर? आगं बाई, ह्याच्या जिवावर बसलाव आपुन." कोणी हसलं, कोणी शिव्या घातल्या. मागनं दुसरं वडाप आलं, त्यात सगळे चढून गेले. मी पंक्चर झालेलं चाक ढकलत दोन मैल गेलो, काढून आणलं, परत बसवलं. कव्हर सोडलं नाही. ती रेघ त्या तांबड्या चिखलात घालायला माझा हात झाला नाही. पुसलेली चार मी रोज चालवत होतो, न पुसलेली एक पाठीवर घेऊन फिरत होतो. पुढं वडाप बंद केलं. जीप परड्यात लावली, शेवग्याखाली. कव्हर वर्षातनं एकदा, अविधवा नवमीला काढायचो, बघायचो, घालायचो. हे कोणाला ठाऊक नव्हतं. संदीपलाही नाही.

संदीप माझा मुलगा. राजारामपुरीत राहतो, मोबाईलचं दुकान आहे. परवा, घटस्थापना झाल्यावर, रविवारी आला. हातात सिल्वरचे स्प्रेचे डबे.

"तात्या, शिरोळचा एक पावणा हाय. मळ्यात फिरायला जीप पायजे त्याला. दसऱ्यानंतर बघायला येतोय. तवर चाकं तरी नीट दिसू देत."

मी व्हय म्हटलं. जीप जायचीच होती एक दिवस, तिला धरून ठेवण्यात माझा काही जीव नव्हता. त्यानं जीप विटांवर टेकवून भराभर चार चाकं खोलली, घासली. दुपारपर्यंत चारही चांदीसारखी उभी केली भिंतीला. मी दारात बसून बघत होतो. मग तो मागं गेला आणि कव्हर सोडायला लागला. मला उठायला वेळ लागतो हल्ली. मी पोचेपर्यंत कव्हर खाली पडलं होतं आणि डबा त्याच्या हातात हालत होता, आतली गोळी खुळखुळत होती.

"तात्या, ही रेघ कुणी मारलीया असली वाकडी?" तो हसला. "तुमचा हात हालायला लागलाय बगा."

"तुज्या आईची हाय."

त्याचा हात थांबला. "आई तर सरळ मारायची की."

"त्या वर्सी वाकडी गेली. डाक्टरला तिनं सांगितलं तसं म्हैनाभर आधी न्हाय. दसऱ्याच्या आधी. मी बगितली. चारावरची पुसून टाकली, ही र्‍हायली."

तो रेघेजवळ वाकला. बोट लावणार होता, लावलं नाही.

"मग डाक्टरला का न्हाय सांगितलासा?"

"तिनं माज्याकडं बगितलं."

एवढंच सांगता आलं. त्याला काय कळलं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. त्यानं स्प्रेचा डबा खाली ठेवला, कव्हर उचललं, झटकलं, स्टेपनीला परत घातलं आणि खालची दोरी आवळून बांधली, मी बांधतो त्यापेक्षा नीट. म्हणाला, "शिरोळच्या पावण्याला मी दुसरं चाक घिऊन देतो."

मग आम्ही दोघं दारात टेकलो. शेजारी दत्तूच्या दारात त्याची सून रिक्षा धूत होती. दत्तू आता कुंपणापर्यंत येत नाही.

मीच उठलो. आत फळीवर डब्यात खारीच्या केसांचा ब्रश होता, केस निम्मे झडलेले. तांबड्या रंगाचा डबा दुकानातनं आणवला. शाडू नव्हता, तर नुसती भिंतीची पांढरी माती कालवून टायरला फासली. संदीपनं डावं अंग जॅकवर उचललं, एक चाक चढवलं. मी पाट मांडून बसलो. तिथं, त्या उंचीवर, मी कधी बसलो नव्हतो. तिथनं चाक फार मोठं दिसतं. आणि चाकाच्या वरनं, फिरवणाऱ्या माणसाचं तोंड दिसतं. इतकी वर्षं ती माझं तोंड बघत रेघ मारायची.

"फिरव. हळू."

"हळूच फिरवतोय, तात्या."

कोपर गुडघ्याला टेकवलं. ब्रश लावला. माझा हात म्हाताऱ्याचा हात आहे, त्यानं जे करायचं तेच केलं. रेघ कुठं जाड गेली, कुठं सुटली, एका ठिकाणी चांगली बोटभर बाहेर गेली. फिरून आली तेव्हा जिथनं निघाली तिथं मिळालीच नाही, खालनं निसटली.

संदीपनं मान वाकडी करून बघितलं. "शिरोळचा पावणा हसंल की ओ."

"हसू दे."

"थांबा, तेवढं भायेर आल्यालं पुसून घेतो," तो म्हणाला, आणि चिंधीवर थिनर ओतून खाली वाकला. तो वास माझ्या नाकात गेला.

"पुसू नगंस," मी म्हटलं. मोठ्यानं नाही म्हटलं. "डोळा काढला की पुसायचा न्हाय."

तो चिंधी हातात धरून तसाच उभा राहिला. मग ती त्यानं कुंपणावर टाकली, वाकून चाकाला हात लावला, आणि म्हणाला, "दुसरं चढवू?"